बोरूच्या बनातला बिटर्न : इंग्लंडने अकरा नरांपासून केलेली सुरुवात

लेखन : केतकीवन

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात, सॉमरसेट परगण्यात, ग्लास्टनबरी गावाच्या पश्चिमेला सखल दलदलीचा मुलूख आहे. बागकामासाठी लागणारे पीट, म्हणजे हजारो वर्षे पाण्याखाली दबून राहिलेल्या वनस्पतींची काळी माती, येथून अनेक दशके खणून नेली गेली. उरलेल्या खड्ड्यांत पाणी सोडून आणि बोरू, म्हणजे पाण्यात उगवणारे उंच, पोकळ काड्यांचे गवत, लावून तेथे हॅम वॉल हे राखीव क्षेत्र उभे करण्यात आले. कामानिमित्त मी या भागात राहते, आणि ज्या पक्ष्यासाठी हे काम प्रामुख्याने हाती घेतले गेले त्या बिटर्नविषयी सविस्तर लिहावे असे फार दिवस मनात होते. आपल्याकडच्या तळ्यांच्या सुशोभीकरणात काठच्या वनस्पती काढाव्यात की राखाव्यात, अशी जी चर्चा या मंचावर अलीकडे झाली, तिच्याशीही या विषयाचा थेट संबंध आहे.

बिटर्न हा बगळ्यांच्या कुळातला पक्षी; मराठीत या गटाला तापस असेही म्हणतात. युरोपात आढळणारा मोठा बिटर्न ७० ते ८० सेंटिमीटर लांबीचा असतो आणि त्याच्या पसरलेल्या पंखांची रुंदी एक मीटरहून अधिक भरते. एवढा मोठा पक्षी दहा पावलांवर उभा असूनही दिसत नाही, याचे कारण त्याच्या पिसाऱ्यात आहे. वाळलेल्या बोरूचा जो फिकट पिवळसर रंग, तोच त्याच्या अंगाचा मूळ रंग, आणि त्यावर काळपट तपकिरी रेघा गळ्यावरून पोटापर्यंत अशा उभ्या उतरतात की काड्यांमधल्या सावल्या कोणत्या आणि पिसांवरच्या रेघा कोणत्या हे नजरेला वेगळे करता येत नाही. धोका जाणवला की तो मान ताणून चोच आभाळाकडे करतो आणि निश्चल होतो. त्याचे डोळे चोचीच्या बुडाशी खालच्या अंगाला असल्यामुळे चोच वर असतानाही त्याला समोरचे दिसत राहते. वाऱ्याने बोरू डोलू लागला की हा पक्षीही त्याच लयीत हलकेच झुलतो. एकदा बनाच्या कडेला मी त्याला या अवस्थेत पाहिले, तेव्हा मला प्रथम दिसला तो त्याचा पिवळा डोळा, आणि त्याच्याभोवती उरलेला पक्षी मला सावकाश जुळवत न्यावा लागला.

मध्ययुगात हा पक्षी इंग्लंडमध्ये इतका मुबलक होता की १४६५ साली यॉर्कच्या आर्चबिशपच्या पदग्रहणाच्या मेजवानीसाठी जे पक्षी मारले गेले, त्यांच्या यादीत २०४ बिटर्न आहेत. सतराव्या शतकापासून पूर्व इंग्लंडमधील फेन नावाच्या विस्तीर्ण दलदली शेतीसाठी कोरड्या करण्यात आल्या. डच अभियंता व्हर्मायडेन याने खणलेल्या कालव्यांनी त्याची सुरुवात झाली, आणि पुढे वाफेच्या पंपांनी उरलेली तळीही उपसली. व्हिटलसी मिअर हे मोठे सरोवर १८५१ साली नाहीसे झाले. त्यात शिकारीची, भुसा भरून पक्षी दिवाणखान्यात मांडण्याची आणि अंडी जमवण्याची हौस मिळाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिटर्नची वीण इंग्लंडमधून संपली. १९११ साली पूर्व इंग्लंडमधील नॉरफक परगण्याच्या ब्रॉड्स भागात पक्षी-अभ्यासक एमा टर्नर आणि जिम व्हिन्सेंट यांना बोरूत बिटर्नचे पिल्लू सापडले, तेव्हा हा पक्षी परतल्याचे सिद्ध झाले. पन्नाशीच्या दशकात आवाज देणाऱ्या नरांची संख्या सुमारे ८० पर्यंत पोहोचली.

यानंतर जे घडले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शिकार थांबली होती, कायद्याचे संरक्षण होते, अनेक जागा राखीवही होत्या, तरीही संख्या घसरत गेली आणि १९९७ साली संपूर्ण देशात आवाज देणारे केवळ ११ नर उरले. बोरूची बने बाहेरून शाबूत दिसत होती. आतून ती कोरडी पडत चालली होती. बोरूच्या काड्या दर हिवाळ्यात वाळून पडतात आणि कुजता कुजता त्यांचा थर साचत जातो. जमीन उंचावते, पाणी उथळ होते, मग विलोसारखी झुडपे मूळ धरतात आणि काही दशकांत दलदलीच्या जागी रान उभे राहते. पूर्वी घरे शाकारण्यासाठी दर वर्षी बोरू कापून नेला जाई, त्यामुळे हा थर साचत नसे. ती मागणी घटली, कापणी मागे पडली, आणि ज्या बनाला कोणी हात लावला नाही तेच बन बिटर्नसाठी निरुपयोगी झाले. ‘जसे आहे तसे राहू द्या’ या भावनेने केलेले रक्षण येथे अपुरे पडले.

उपाय पाण्यापासून सुरू करावा लागला. सफोकमधील मिन्समेअर येथे बनाच्या काही भागातला साचलेला थर यंत्राने खरवडून जमिनीची पातळी खाली नेण्यात आली, चर पुन्हा खणले गेले आणि पाणी राखण्यासाठी दारे बसवण्यात आली. युरोपीय संघाच्या लाइफ या निसर्गरक्षणाच्या निधीतून १९९६ ते २००० आणि २००२ ते २००६ असे दोन टप्पे झाले. समुद्राची पातळी वाढत असल्याने किनाऱ्यालगतच्या गोड्या पाण्याच्या बनांत कधी ना कधी खारे पाणी शिरणार, हे ओळखून समुद्रापासून दूर नवी बने तयार करण्यावर भर दिला गेला. हॅम वॉल त्यांतलेच एक. सफोकमधील लेकनहीथ येथे तर पूर्वी गाजराची शेती होती. २०१९ साली देशातील आवाज देणाऱ्या नरांची संख्या सुमारे २०० झाली आणि २०२४ साली ती २८३ नोंदली गेली.

प्रतिसाद : रानवाट

लेख अतिशय आवडला. एक शंका विचारावीशी वाटते. आपण प्रत्येक ठिकाणी ‘आवाज देणारे नर’ अशीच गणना दिली आहे. माद्यांची किंवा घरट्यांची गणना होत नाही का? आणि हा आवाज इतका विशेष कशामुळे आहे, तेही कृपया लिहावे.

प्रतिसाद : केतकीवन

आपला प्रश्न योग्य आहे. दिसतच नाही अशा पक्ष्याची मोजणी कानानेच करावी लागते. बिटर्नचा नर हिवाळा सरता सरता, म्हणजे साधारण फेब्रुवारीपासून जूनपर्यंत, पहाटे, संध्याकाळी आणि रात्रीही एक अतिशय खोल, घुमणारा हुंकार देतो. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जो नाद उठतो, त्याच्या जवळ जाणारा तो आवाज आहे. हवा शांत असेल तर तो चार-पाच किलोमीटर अंतरावरही ऐकू येतो. खर्जातला आवाज गवताच्या दाटीतून फारसा न अडता दूर जातो, म्हणून एकमेकांना दिसू न शकणाऱ्या या पक्ष्यांना तो उपयोगी पडतो. विणीच्या काळात नराच्या अन्ननलिकेभोवतालचे स्नायू बळकट होतात. तो काही छोटे घोट घेतल्यासारखी हवा आत ओढतो, ते जवळून स्पष्ट ऐकू येते, आणि मग फुगलेल्या अन्ननलिकेतून तो हुंकार बाहेर पडतो. हा पक्षी चोच चिखलात किंवा बोरूच्या नळीत खुपसून आवाज काढतो, असे पूर्वीचे लोक मानत असत.

गणनेसाठी स्वयंसेवक ठरलेल्या दिवशी पहाटेच्या आधी बनाभोवती वेगवेगळ्या जागी उभे राहतात आणि प्रत्येक हुंकाराची दिशा होकायंत्रावर पाहून वेळेसह नोंदवतात. नंतर त्या दिशा नकाशावर आखल्या की रेषा जेथे छेदतात तेथे नर असल्याचे कळते. शिवाय प्रत्येक नराच्या आवाजात थोडा फरक असतो आणि ध्वनिमुद्रणांच्या आलेखांवरून नर ओळखता येतात, त्यामुळे एकच पक्षी दोनदा मोजला जाण्याचा धोका कमी होतो. मात्र नरांच्या संख्येवरून जोड्यांची संख्या काढता येत नाही, कारण एका नराच्या हद्दीत कधी एकही मादी नसते तर कधी चार-पाच असतात. घरटे बांधणे, सुमारे २५ दिवस अंडी उबवणे आणि पिल्ले वाढवणे हे सर्व मादी एकटीच करते. तिच्या अन्न आणण्याच्या फेऱ्या ज्या जागी वारंवार उतरताना दिसतात, तेथे घरटे असल्याचे दुरूनच ठरवले जाते. आत शिरून शोध घेतला जात नाही.

प्रतिसाद : गोदाकाठ

हा धागा वाचताना मला पदोपदी नांदूर मध्यमेश्वर आठवत होते. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत बांधलेला बंधारा, त्यामागे साचत गेलेला गाळ, आणि त्या गाळावर वाढलेले पाणकणीस (बोरूसारखीच पाण्यात उभी वाढणारी, लांब पात्यांची वनस्पती), यांतून हे पाणथळ घडले. २०२० साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, समाविष्ट झालेले ते महाराष्ट्रातले पहिले स्थळ आहे. लेखातला मोठा बिटर्न भारतात प्रामुख्याने उत्तरेकडे हिवाळी पाहुणा म्हणून येतो. आपल्याकडे नियमाने भेटतो तो त्याचा छोटा भाऊबंद यलो बिटर्न. जेमतेम ३५ ते ४० सेंटिमीटरचा हा पक्षी उभ्या पाणकणसाच्या दोन ताटांवर एकेक पाय रोवून, पाण्यावर तिरका लटकून, मासोळीची वाट पाहत राहतो. बसलेला असताना तो सगळा फिकट पिवळा दिसतो. उडताच मात्र पंखांची काळीभोर टोके उघडी पडतात आणि ओळख पटते. आपल्याकडे त्याची वीण पावसाळ्यात होते आणि घरटे पाणकणसाची पाती वाकवून पाण्यापासून थोड्याच उंचीवर केलेले असते.

आता मुद्द्याचे सांगतो. आमच्या भागातल्या एका तळ्याचे, त्याचे नाव येथे घेत नाही, सुशोभीकरण करताना जलपर्णीबरोबर काठचे सगळे पाणकणीसही यंत्राने उपटून काढले गेले, आणि काठाला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचे अस्तर, करण्यात आले. जलपर्णी काढणे आवश्यकच होते. ती बाहेरून आलेली, पाण्यावर तरंगणारी आणि सारा पृष्ठभाग झाकून टाकणारी वनस्पती आहे. पाणकणीस मात्र मुळाशी रोवलेले, येथलेच आणि कित्येक पक्ष्यांचे घर आहे. कंत्राटात दोन्हींची गणना ‘अनावश्यक वनस्पती’ या एकाच शीर्षाखाली होते, याचे मला अतिशय वाईट वाटते. त्या तळ्यावर आता वारकरी नावाचे काळे पाणपक्षी आणि बदके दिसतात, पण यलो बिटर्न आणि जांभळी पाणकोंबडी दिसत नाहीत.

प्रतिसाद : मांडवीतीर

गोव्यात आणि दक्षिण कोकणात सिनॅमन बिटर्न हा पावसाळ्याचा पक्षी म्हणून आम्हांला परिचित आहे. लाल मातीच्या रंगाचा हा पक्षी भाताच्या खाचरांत आणि मेरेलगतच्या गवतात राहतो, त्यामुळे त्याला मोठ्या बनाची गरज भासत नाही. भात पोटरीला येईपर्यंत तो सहज दिसतो. पुढे पीक दाट झाले की केवळ उडताना दिसतो. काळ्या अंगाचा आणि मानेच्या बाजूला पिवळा पट्टा असलेला ब्लॅक बिटर्न खारफुटी आणि सावलीच्या ओढ्यांच्या कडेला आढळतो. खाजणातील, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतील, शेती पडीक राहू लागली आणि मानशींची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांची, देखभाल थांबली की खारे पाणी आत शिरते आणि गोड्या पाण्यातले गवत मरते. इंग्लंडच्या किनाऱ्यालगतच्या बनांविषयी वाचून हेच साम्य मला जाणवले.

प्रतिसाद : पाटबंधारे

मी जलसंपदा विषयात अनेक वर्षे काम केले आहे, म्हणून दुसरी बाजूही मांडणे मला गरजेचे वाटते. पाणकणीस स्वतःहून थांबत नाही. सांडपाण्यामुळे पाण्यात नत्र आणि स्फुरद वाढले की ते दर वर्षी आत सरकते, त्याच्या मुळांशी गाळ अडतो, आणि काही वर्षांत तळ्याची साठवणक्षमता घटते. काठच्या वस्तीला डासांचा त्रास होतो, ही तक्रारही खरी असते. अशा वेळी काढण्याशिवाय दुसरा मार्ग यंत्रणेपुढे नसतो.

हात न लावण्याचे दुष्परिणाम आपल्या देशातही दिसले आहेत. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ साली म्हशींच्या चराईवर बंदी आली. त्यानंतर पाण्यात पसरणारे पॅस्पॅलम गवत इतके माजले की पक्ष्यांना लागणारे उघडे पाणी आकसले, आणि म्हशींच्या चरण्यामुळेच ते तोवर आटोक्यात होते असा निष्कर्ष बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून निघाला. तेव्हा ‘पाणकणीस राहू द्या’ एवढे म्हणून भागणार नाही. किती ठेवावे आणि कसे ठेवावे याचे उत्तर हवे.

प्रतिसाद : केतकीवन

पाटबंधारे यांच्या म्हणण्याशी मी पूर्णपणे सहमत आहे, आणि बिटर्नचा अनुभव त्यांच्याच मताला दुजोरा देतो. येथेही बोरू दर वर्षी कापला जातो, परंतु बनाचे तुकडे पाडून, आळीपाळीने. एका हिवाळ्यात एक पट्टा कापला की पुढची काही वर्षे त्याला हात लावत नाहीत. त्यामुळे त्याच बनात कोवळा, मध्यम आणि जुना असा तिन्ही वयांचा बोरू सदैव उपलब्ध राहतो, आणि मादीला घरट्यासाठी जुन्या, दाट बोरूचा आडोसा मिळतो. कापलेला बोरू बाहेर काढला जातो. तो तेथेच पडू दिला तर थर साचण्याचा मूळ प्रश्न तसाच राहील. हे काम विणीच्या आधी संपवले जाते.

पाण्याची पातळी हा दुसरा भाग. पक्ष्यांच्या अंगावर माग काढण्यासाठी छोटे रेडिओ-संदेशक लावून जो अभ्यास झाला, त्यातून असे दिसले की बिटर्न बनाच्या खोल गाभ्यात न शिरता, उघडे पाणी आणि बोरू जेथे भेटतात त्या ओल्या कडांवर अधिक वेळ शिकार करतो. त्याला बोरूच्या बुडाशी साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटर पाणी लागते, जेणेकरून मासे काड्यांमध्ये शिरू शकतील आणि त्याला उभेही राहता येईल. म्हणून बनाचे क्षेत्रफळ वाढवण्याइतकेच त्यात नागमोडी चर आणि छोटी डबकी खणून कडांची लांबी वाढवणे उपयोगी ठरले. साठवणक्षमतेच्या दृष्टीनेही या कामात लाभ आहे, कारण खणलेला गाळ बाहेर जातो.

आपल्याला उपयोगी पडेल अशी एक बाब सांगते. बोरू आणि पाणकणीस यांच्या पाण्याखालच्या कंदांना हवा मिळते ती वर उभ्या असलेल्या ताटांतून, वाळलेल्या ताटांतूनही. ताटे पाण्याच्या पातळीखाली कापली आणि कापलेली टोके बुडालेली राहिली, तर कंद गुदमरतात आणि त्या जागी वनस्पती पुन्हा सहसा उगवत नाही. म्हणजे जेथे उघडे पाणी हवे तेथे पाण्याखाली कापावे, आणि जेथे ती राखायची आहे तेथे पाण्याच्या वर. सरसकट जेसीबी फिरवण्याऐवजी असे नेमके नियंत्रण शक्य आहे.

प्रतिसाद : रानवाट

फारच उपयुक्त माहिती मिळाली. माशांचा उल्लेख आला म्हणून विचारते, बन उत्तम असून मासे नसतील तर काय होते?

प्रतिसाद : केतकीवन

तर पिल्ले उपाशी मरतात. घरट्यातल्या पिल्लांवर लक्ष ठेवल्यावर त्यांच्या मृत्यूमागे उपासमार हे मोठे कारण असल्याचे आढळले होते. मादी एकटीच अन्न आणते, त्यामुळे मासे दूर असतील तर तिला पुरेशा फेऱ्या करता येत नाहीत. इंग्लंडमधील बिटर्नच्या आहारात ईल म्हणजे अहिर हा सापासारखा लांब मासा आणि रड नावाचा लालसर परांचा मासा यांना मोठे स्थान आहे. युरोपीय ईलची पिल्ले दूर सारगासो समुद्रात जन्मून नद्यांमध्ये येतात, आणि १९८० च्या दशकानंतर त्यांची आवक नव्वद टक्क्यांहून अधिक घटली आहे. म्हणून अनेक राखीव क्षेत्रांत पाण्याच्या दारांशी ईलला चढून येता यावे यासाठी वाट करून दिली जाते आणि रडही सोडले जातात. प्रत्येक बिटर्नच्या अंगावर भुकटीत मोडणाऱ्या पिसांचे पुंजके असतात आणि मधल्या नखाला कंगव्यासारखे दाते असतात. ईल गिळताना डोक्याला आणि मानेला लागलेला चिकट स्राव तो या भुकटीने सुकवतो आणि नखाने विंचरून काढतो. हे मी दुर्बिणीतून पाहिले आहे. प्रथम मानेची पिसे एकमेकांना चिकटून काळपट दिसत होती. मग भुकटी चोळल्यावर ती राखाडी झाली, आणि विंचरून झाल्यावर रेघा पुन्हा एकेक करून उमटल्या.

प्रतिसाद : गोदाकाठ

पाटबंधारे आणि केतकीवन या दोघांच्या प्रतिसादांवरून मी आमच्या भागातल्या दुसऱ्या एका तळ्यासाठी निवेदन तयार करत आहे. त्याचे काम अद्याप सुरू व्हायचे आहे. त्यात तीन गोष्टी मागण्याचा विचार आहे. वस्तीकडचा काठ मोकळा ठेवून पलीकडच्या काठावरचे पाणकणीस राखावे आणि ते नकाशावर आखून कंत्राटाला जोडावे. जलपर्णी आणि पाणकणीस यांची कामे वेगवेगळ्या शीर्षांखाली दाखवावीत. पाणकणसाची कापणी हिवाळ्यात, पट्ट्यापट्ट्याने व्हावी आणि जून ते सप्टेंबर या काळात त्या काठावर कोणतेही यंत्र उतरवू नये.

प्रतिसाद : पाटबंधारे

निवेदनाचा मसुदा योग्य आहे. त्यात पाण्याच्या पातळीचा मुद्दा अवश्य घालावा. सांडव्याची उंची बदलणार असेल तर राखलेले पाणकणीस एक तर पूर्ण बुडेल किंवा कोरडे पडेल, आणि मग नकाशावर आखलेल्या रेषेला अर्थ उरणार नाही. पूर्ण संचय पातळी (तळे पूर्ण भरल्यावरची) आणि उन्हाळ्यातली किमान पातळी हे दोन्ही आकडे कार्यालयाकडून लेखी मागवावेत. सांडपाण्याचे नाले तळ्यात कोठे मिळतात हेही नकाशावर दाखवावे, कारण ते न वळवल्यास कापणीचा खर्च दर वर्षी वाढत जाईल.

प्रतिसाद : गोदाकाठ

दोन्ही मुद्दे समाविष्ट करतो. येथील ज्या सदस्यांकडे नाशिक परिसरातील यलो बिटर्नच्या विणीच्या नोंदी असतील, त्यांनी महिना आणि तळ्याचा कोणता काठ एवढेच मला व्यक्तिगत निरोपातून कळवावे. घरट्याची नेमकी जागा किंवा छायाचित्र या धाग्यावर कृपया टाकू नये.